साखर उतरायची, देवी यायची

माझी भाची पाणी फार प्यायला लागली, तेव्हा आम्हाला आधी बरंच वाटलं. एरवी ही पोरगी पाण्याच्या वाटेला जायची नाही. शाळेत नेलेली भरलेली बाटली तशीच परत आणायची आणि आईचा ओरडा खायची. त्या हिवाळ्यात मात्र ती हंड्यापाशी उभी राहून तांब्यामागून तांबे रिचवू लागली. बहीण फोनवर मला म्हणाली, "सुधारली गो तुझी भाची. आता पानी पी म्हनून सांगायला लागत नाय." मी म्हटलं, चला, एवढं तरी मावशीचं ऐकलं.

बहीण दिली आहे पोलादपूरच्या बाजूला, कापडे गावाच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका वाडीत. मी महाडला राहते, एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं विचारणाऱ्यांना मी जी उत्तरं दिली, त्यामुळे आता कोणी विचारत नाही. बहीण माझ्याहून धाकटी आणि गरीब स्वभावाची. मी बोलायचं आणि तिनं ऐकायचं, अशी आमची लहानपणापासूनची वाटणी. तिचा नवरा मुंबईला कंपनीत, गणपतीला आणि शिमग्याला येणारा. घरात ती, तिची सासू आणि ही एकुलती एक पोर.

पाणी वाढलं तशी पोर वाळायला लागली. शाळेचा फ्रॉक अंगावर लोंबू लागला. बारा वर्षांची घोडी, पण अंथरूण ओलं व्हायला लागलं. ओली गोधडी ती सकाळी कोणाच्या नजरेला पडायच्या आत गोठ्यामागे नेऊन टाकायची. आजीनं एकदा ती पाहिली आणि वाडीला ऐकू जाईल असं बोलली. मग पोरीनं संध्याकाळनंतर पाणी पिणंच सोडलं. ओठ फुटले, जीभ कोरडी पडली, पण ती पाण्याला शिवेना. तिला काय सोसावं लागलं असेल, ते आठवलं की मला अजून कसंतरी होतं.

प्रत्येकाकडे आपापलं निदान होतं. आजी म्हणाली, पऱ्ह्यावर, त्या ओढ्याकाठी, कोणाची तरी नजर लागली. तिनं भगताकडून दोरा आणून दंडाला बांधला. बापानं मुंबईहून सांगितलं, परीक्षेचं टेन्शन असेल. मी म्हटलं, जंत झालेत, दुसरं काय असणार? एवढ्या लहान पोरीला साखर होऊ शकते, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. साखर म्हणजे माझ्या ऑफिसातल्या पोट सुटलेल्या साहेबांचा आजार, असंच मी धरून चालले होते.

एक दिवस सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या आणि श्वास असा लागला की जणू घाट चढून आली आहे. तोंडाला उतरून गेलेल्या केळ्यांसारखा वास येत होता. बहिणीनं तिला मिनिडोर रिक्षात घातलं आणि पोलादपूर गाठलं. तिथून लगेच महाडला न्यायला सांगितलं. मी ऑफिसातून पळत हॉस्पिटलला पोचले, तेव्हा पोरीचे डोळे अर्धे मिटलेले होते आणि हाताला सलाईन लागलेलं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं आम्हाला बाहेर बाकावर बसवलं आणि स्वतः समोर उभी राहून सांगितलं, "हिला डायबेटीस आहे. लहान मुलांना होतो तो. हिच्या शरीरात इन्सुलिन बनायचं थांबलंय. आज आणलंत म्हणून बरं झालं, उद्यापर्यंत थांबला असतात तर हाताशी काही राहिलं नसतं."

बहीण म्हणाली, "अवो पण बाय, ती गोड खातच नाय."

"गोड खाऊन नाही होत हा. कोणाच्याही चुकीनं नाही होत. हिला रोज इंजेक्शन घ्यावं लागेल."

"किती दिवस?"

"जन्मभर," डॉक्टरीणबाई म्हणाली.

बहिणीनं मान हलवली. तिला कळलं नव्हतं. मला कळलं होतं, आणि मला त्या क्षणी कोणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटत होती. कोणाच्या, तेच समजत नव्हतं.

पोर वाचली. हॉस्पिटलातून निघताना डॉक्टरीणबाईनं सगळं पुन्हा पुन्हा समजावलं. वाडीतली वीज बेभरवशाची आणि बहिणीकडे फ्रीज नाही, म्हणून औषध माठात कसं ठेवायचं ते तिनं दाखवलं: मोठ्या माठात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, मडक्यात इन्सुलिनची बाटली. इंजेक्शन घेतलं की वेळेवर जेवायचं, हे तर तिनं इतक्यांदा बजावलं की पोरगी हसायला लागली. आणि शेवटी म्हणाली, "साखर वाढली तर आपल्याला थोडा वेळ मिळतो. उतरली तर मिळत नाही. हात थरथरायला लागले, घाम फुटला, ही काहीतरी भलतंच बोलायला लागली, तर आधी तोंडात साखर किंवा गूळ घाला. मग मला फोन करा. बघू या, थांबू या, असं करू नका."

बहिणीचा हात सुई धरताना लटपटायचा. पोरीनंच ते काम आपल्या हातात घेतलं. "आई, तू तिकडं कोंबड्या बघ," असं म्हणायची आणि पोटाला चिमटा घेऊन टोचून मोकळी व्हायची. बोट टोचून साखर बघणं, भाकरी किती, भात किती, खेळायला जायचं तर आधी काय खायचं, हे तिला तिच्या आईच्या किती आधी जमलं! हुशार होती. तिखट होती. माझ्यावर गेली होती, असं लोक म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं म्हणत नसत.

पण वाडीनं तिला सोडलं नाही. कोणी वाईट वागलं, असं म्हणता येणार नाही. सगळे प्रेमानंच वागले आणि त्या प्रेमानं तिचा जीव नकोसा केला. लग्नाच्या पंगतीत वाढपी तिच्या पानापाशी आला की चार बाया एकदम ओरडायच्या, "तिला नको रे, साखर हाय तिला!" सगळी पंगत वळून बघायची. शाळेत मास्तरांनी कबड्डीतून काढून झाडाखाली बसवली. कोणी कारल्याचा रस आणून द्यायचं, कोणी जांभळाच्या बियांची पूड. वरंधच्या बाजूला कोणी झाडपाला देतो, सुई सुटते म्हणे, अशी बातमी घेऊन एक बाई खास घरी आली होती. मी नेमकी तिथे होते. त्या बाईला मी असं काही वाटेला लावलं की तिनं पुढे माझ्या बहिणीशीही बोलणं टाकलं. आणि जो तो जाताना मान हलवून म्हणायचा, "बिचारी. हिला कोन करून घेनार?" भाची पाठीमागे त्यांची नक्कल करायची. डोक्यावर ओढणी घेऊन, ओठ मुडपून "बिचारी" म्हणायची आणि आम्ही दोघी पोट धरून हसायचो. तिला ते किती लागत होतं, ते त्या हसण्यात मला दिसलं नाही.

अशी दोन वर्षं गेली. मग तो शिमगा आला.

आमच्याकडे शिमग्याला गावदेवीची पालखी घरोघर येते. ज्या दिवशी पालखी दारात यायची, त्या दिवशी देवीची ओटी भरल्याशिवाय घरातलं कोणी तोंडात घास घालत नाही. पोरीनं इंजेक्शन नेहमीच्या वेळेला घेतलं, कारण सकाळी निरोप आला होता, पालखी निघालीच. पण मुंबईहून आलेली पोरं प्रत्येक अंगणात पालखी नाचवत होती. ढोल ऐकू यायचा, पालखी यायची नाही. मी शिमग्याला तिथेच होते. मी दोनदा म्हटलं, "अगं, पोरीला काहीतरी खायला दे." आजी म्हणाली, "एक दिवस थांबली तर काय होतं?" आणि पोरगी स्वतःच म्हणाली, "मावशी, आली गो पालखी. शेजारी हाय."

पालखी अंगणात आली. ढोल कडाडले, सनई चढली. भाची आईशेजारी ओटीचं ताट धरून उभी होती. ताट खाली पडलं. मी वळून बघते तो ती थरथर कापत होती, केस सुटलेले, चेहरा घामानं निथळलेला, नजर कुठेतरी भलतीकडेच. पुटपुटत होती, "मला घरी जायचंय. मला घरी न्या."

स्वतःच्याच अंगणात उभी राहून.

मी ओरडले, "हिची साखर उतरली!" पण ढोलापुढे माझा आवाज कुठे पोचणार? आजीनं हात जोडले होते. कोणीतरी म्हणालं, "वारं आलं. आई आली पोरीच्या अंगात." वाजवणाऱ्यांना ते कळलं आणि ते आणखी जोरात वाजवायला लागले. एका म्हाताऱ्यानं तिच्या पायावर डोकं ठेवलं. मानकरी एकमेकांना सांगत होते, आई घरी न्या म्हणते, पालखी देवळात परत न्यायला हवी. मी स्वयंपाकघरातून साखरेचा डबा घेऊन धावले, तर आजीनं माझं मनगट धरलं. "अगो, साखरवाल्या पोरीला साखर घालतेस? मारशील तिला!"

देवीसमोर बोलू नये ते मी तेव्हा बोलले. हात सोडवला आणि मूठभर साखर पोरीच्या तोंडात कोंबली. थोड्या वेळात तिचं कापणं थांबलं. ती जमिनीवर बसली आणि विचारायला लागली, काय झालं, सगळे माझ्याकडे का बघताय?

लोक म्हणाले, आई शांत झाली.

मी आजीला, बहिणीला, मानकऱ्यांना, उभ्या वाडीला सांगून दमले. डॉक्टरीणबाईचे शब्द जसेच्या तसे सांगितले. सगळ्यांनी ऐकून घेतलं. आजी तर म्हणाली, "तुझं बरोबर हाय गो. साखर उतरली असंल. पन उतरवली कोनी? अंगात यायला जागा नको का देवीला?" मी दुसऱ्या दिवशी भांडूनच महाडला आले.

मग बहिणीचे फोन यायला लागले. मंगळवारी देवी परत आली. या मंगळवारीही आली. मला शंका यायला लागली. डॉक्टरीणबाईकडे पोरीला नेत होतो, मधल्या दिवसांतली तिची साखर व्यवस्थित होती. मग मंगळवारीच का उतरावी? मी सुट्टी काढून वाडीत गेले आणि पोरीला घेऊन पऱ्ह्यावर कपडे धुवायच्या निमित्तानं जाऊन बसले. सरळच विचारलं.

तिनं थोडा वेळ दगडावर साबण घासला. मग म्हणाली, "इंजेक्शन घेते नि जेवत नाय. मग हात कापायला लागतात. मुठीत गुळाचा खडा ठेवते. लोक पाया पडून झाले की हळूच तोंडात टाकते. कोनाला दिसत नाय."

"म्हणजे तुला ठाऊक आहे की हे खोटं आहे?"

"मावशी, मी काय येडी हाय?"

"मग कशाला करतेस?"

"आधी लोक मला बघून मान हलवायचे," ती म्हणाली. "आता मान खाली घालतात."

मी तिच्या थोबाडीत मारली. मारली आणि लगेच तिला ओढून जवळ घेतलं, आणि रडले मीच. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

बहिणीला मी सगळं सांगितलं. तिनं नेहमीसारखं ऐकून घेतलं आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, माझं मानलं नाही. "पोर कायपन बोलते तुला बरं वाटावं म्हनून. मी तिचे डोळे बघितलेत ताय. ती माझी पोर नसते तवा." मला तिचा राग आला, पण तिचंही मला दिसत होतं. नवरा मुंबईला, पोर आजारी, म्हणून आजवर त्या घराकडे लोक कीव करायलाच यायचे. आता येणारी बाई माझ्या बहिणीला आधी नमस्कार करायची. पुढे पावसात भाताची लावणी निघाली, तेव्हा न बोलावता माणसं आली आणि सगळ्यांच्या आधी हिचं शेत लावून गेली. इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं.

एवढं मात्र मी केलं, जूनमध्ये पोरीला महाडला आणली. इथल्या शाळेत नववीला घातली. बहिणीनं आढेवेढे घेतले, पण शिक्षणासाठी म्हटल्यावर कबूल झाली. पोरीनं माझ्या गळ्याला हात लावून शपथ घेतली, पुन्हा असं करणार नाही.

ते चार महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात बरे दिवस. सकाळी ती बोट टोचायची आणि आकडा ओरडून सांगायची, मी पोळ्या लाटता लाटता "शाब्बास" म्हणायची. शाळेत ती कबड्डी खेळली. गुडघे फोडून घेतले, आणि ते मला दाखवताना तिला कोण आनंद झाला होता! झेंडावंदनाच्या दिवशी तिनं जिलबी खाल्ली, आणि जिलबीमुळे इन्सुलिनचं काय करायचं, हे डॉक्टरीणबाईला फोन करून आधी विचारून घेतलं. डॉक्टरीणबाई खूश होती. पोरगी म्हणायची, मी लॅबमध्ये काम करीन, रक्त काढायचं मला येतंच, माझ्या हातून टोचून घेताना कोणी ओरडणार नाही. इथे तिला बिचारी म्हणणारं कोणी नव्हतं आणि पाया पडणारंही नव्हतं. मला वाटलं, आता ती सुटली.

नवरात्रात बहिणीनं तिला अष्टमीला बोलावलं. घरात घट बसले होते, पोरीलाही आईकडे जायचं होतं. मला ऑफिसात परीक्षेच्या कामामुळे रजा मिळाली नाही. मी तिला पोलादपूरच्या एस.टी.त बसवलं. पिशवीत डबा होता, राजगिऱ्याचे लाडू होते. खिडकीतून तिनं ओठ मुडपून मला "बिचारी" करून दाखवलं, कारण मला कामावर जावं लागत होतं आणि तिला सुट्टी होती. मी हात उगारला आणि गाडी निघाली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. बहिणीनं, तिच्या सासूनं आणि शेजारणीनं सांगितलं ते असं.

त्या शेजारणीचा मुलगा पुण्याकडे कामाला गेला होता आणि कित्येक महिने त्याचा फोन नव्हता, ठावठिकाणा नव्हता. अष्टमीला सकाळीच ती येऊन पडवीत बसली. पोरगी आली आहे, हे तिला कळलं होतं. पोरगी तिला म्हणाली, "काकी, आता देवी येत नाय माझ्या अंगात. तू घरी जा." शेजारीण गेली नाही. ती आदल्या दिवसापासून उपाशी होती. नुसती रडत बसली होती, आवाज न करता. पोरगी दोनदा आत गेली, दोनदा बाहेर येऊन तिच्याकडे बघून गेली. मग आईला म्हणाली, "आज मी काय खानार नाय. अष्टमी हाय."

दुपारी घटासमोर ती कापायला लागली. बायका जमल्या. शेजारणीनं पाय धरले. पोरगी म्हणाली, "येईल तो. बरा हाय. दिवाळीला येईल." शेजारीण मोठ्यानं रडायला लागली.

मग पोरीचा हात वर उठला. आजीला वाटलं, आई आशीर्वाद देते. तिनं तो हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला. मग शेजारणीनं धरला आणि आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. मग एकेक बाई पुढे आली. माझ्या बहिणीनंही तो हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. सगळ्यांचं झालं तोवर पोर निपचित झाली होती. आजी म्हणाली, देवी दमली, निजू दे, कोणी शिवू नका. तिच्या अंगावर नवी साडी पांघरली आणि बायका आरती म्हणायला लागल्या.

आरती संपली तरी ती उठली नाही. हाक मारली, हलवली, तरी नाही. तेव्हा कुठे बहिणीनं हंबरडा फोडला आणि माणसं गाडी बघायला धावली. महाडला आणली तेव्हा मी हॉस्पिटलच्या दारात उभी होते. डॉक्टरीणबाईनं तपासलं. तिनं विचारलं, "हिच्या तोंडात साखर कोणी घातली होती का?" ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तेराव्याला मी वाडीत होते, तेव्हा ती शेजारीण माझ्याजवळ येऊन बसली. हळू आवाजात म्हणाली, "कोनाला सांगू नको, ताय. आईनं मला परसाद दिला. तिनं हात ठेवला ना डोक्यावर, मी घरी येऊन बघते तर केसांत गूळ." मला सगळं समजलं. पोरीनं कोणाला आशीर्वाद दिला नव्हता. तिचा हात तोंडाकडे चालला होता. मूठ उघडून घेतली त्यांनी, आणि गूळ वाटून घेतला आपापल्या केसांत.

मी ते कोणाला सांगितलं नाही. आणि दिवाळीला शेजारणीचा मुलगा खरोखर आला. त्याचा मोबाईल चोरीला गेला होता, काम सुटलं होतं, लाज वाटत होती म्हणून तोंड दाखवलं नव्हतं. वाडीत कोणाला त्या कारणांशी देणंघेणं नव्हतं. आता शेजारीण रोज संध्याकाळी बहिणीच्या पडवीत दिवा लावते.

मी महिन्यातून एखाद्या रविवारी जाते. बहीण फार बोलत नाही. मागच्या खेपेला ती तांदूळ निवडत होती आणि मी शेजारी बसले होते. निवडता निवडता तिचे हात थांबले. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "ताय, तू शिकलेली हायेस. खरं सांग. तिला देवीनंच नेली ना?"

मी तिच्या हातांकडे बघितलं. त्याच हातांनी तिनं पोरीचा हात धरला होता.

"होय गो," मी म्हटलं. "देवीनंच नेली."

तिनं मान हलवली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. थोड्या वेळानं उठून तिनं मला जेवायला वाढलं, आणि मी जेवले.